जुन्या जीपचे मागचे ब्रेक

गाण्याच्या शिक्षकाने मोटारीच्या ब्रेकवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. पण कुकटपल्लीत राहणाऱ्या माणसाची दोन गोष्टींपासून सुटका नाही. एक म्हणजे पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, जहीराबाद करीत येणारा आणि पुढे विजयवाड्यावरून मछलीपट्टणला समुद्रापर्यंत जाणारा ६५ क्रमांकाचा हमरस्ता. दुसरी म्हणजे या रस्त्याच्या अंगाने मुसापेट-बालानगरपर्यंत पसरलेली गॅरेजांची, लेथांची आणि लहान कारखान्यांची वस्ती. सकाळी तंबोरा जुळवायला बसावे, तर मागच्या गल्लीत कुणीतरी लोखंडाला सूर लावलेला असतो. कान गाण्याचा असला म्हणून तो काही निवडून ऐकत नाही. हळूहळू लेथ कोणता, ग्राइंडर कोणता आणि झिजलेल्या ब्रेकची किंचाळी कोणती, हे त्याला कळू लागते.

माझ्याकडे शिकायला येणारा एक तरुण इथल्या हाऊसिंग बोर्ड कॉलनीत राहतो आणि संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. त्याच्या मामांची उमरग्याकडच्या शेतावर वापरलेली जुनी जीप त्याच्याकडे आली. बांधा विलीजच्या वळणाचा, वय चाळिशीच्या पुढचे, म्हणजे मुलगा गाडीपेक्षा लहान. मधल्या काळात कुणीतरी तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बसवून घेतला होता. मागे मात्र मूळचे ड्रम तसेच होते. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर अनंतगिरीकडे जायचे, वाटेतल्या ओढ्यांतून आणि काळ्या चिखलातून गाडी काढायची, हा त्याचा छंद. परत आला की रविवारची संध्याकाळ मागचे ड्रम उघडून आतला गाळ काढण्यात जायची. एकदा ओढा ओलांडून लगेच उतार लागला. ब्रेक दाबताच मागचे एक चाक धरले, दुसरे सुटेच राहिले आणि गाडीचा पार्श्वभाग रस्त्याच्या कडेकडे गेला. आत त्याची आई बसलेली होती. त्या दिवसानंतर त्याने ठरवले की मागेही डिस्क बसवायच्या.

‘मग गाडी निम्म्या अंतरात थांबेल, गुरुजी,’ असे तो मला म्हणाला. हे वाक्य मी गॅरेजमध्ये सांगितले तेव्हा तिथल्या उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. हैदराबादेत गवयालाही उस्ताद म्हणतात आणि मेस्त्रीलाही, आणि दोघांनाही चुकीचे विधान ऐकवत नाही. ‘मास्टरसाब, पीछे का पकड बढ गया तो गाडी रुकती नहीं, नाचती,’ असे ते म्हणाले. या लेखात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक या एका वाक्यात आलेले आहे. पण त्याचा उलगडा करायला थोडे मागे जावे लागेल.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी ताट, आणि त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू. पायाच्या दाबाने तेल येते, व्हील सिलिंडरमधले दोन दट्टे बाहेर सरकतात आणि शू ताटाच्या कडेवर आतून दाबले जातात. इथपर्यंत सारे सरळ आहे. मौज पुढे आहे. गाडी पुढे जात असताना दोहोंपैकी एक शू असा बसलेला असतो की फिरणारा ड्रम त्याला घासता घासता आणखी आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे पायाने दिलेल्या जोरात ड्रम स्वतःचा जोर मिळवतो. जुन्या जीपला बूस्टर नसतानाही माणसाच्या पायाने ती थांबत असे, ती या मिळकतीमुळे. मात्र हे देणे दुधारी आहे. घर्षण थोडे वाढले की पकड पुष्कळ वाढते, आणि थोडे कमी झाले की पुष्कळ कमी होते. एका ड्रममध्ये पाणी शिरले आणि दुसरा कोरडा राहिला, तर दोन चाकांच्या पकडीतला फरक जेवढा असायला हवा त्याहून किती तरी मोठा होतो. त्या मुलाच्या गाडीने ओढ्यानंतर अंग टाकले ते याच कारणाने.

डिस्कमध्ये ही मिळकत नाही. चाकाबरोबर फिरणारी सपाट चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड, एवढाच खेळ. पायाने जेवढे द्याल तेवढेच मिळते. पाणी उडून जाते, गाळ साठायला पोकळी नसते. तापण्यातही फरक आहे. लांब उतारावर ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि पाय खोल खोल जाऊ लागतो. चकती तापली तर तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडच्या जवळच येते. मग एवढ्या सरळ वस्तूला मोटारीवर यायला इतका उशीर का लागला? कल्पना नवी नव्हती. इंग्लंडातल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रमला आज आहे तसे रूप दिले. लँचेस्टर यांच्या ब्रेकला अस्तर तांब्याचे होते. धातूवर धातू घासून तो असा ओरडे की लोक हैराण होत. पुढे घर्षणाच्या अस्तरात सुधारणा झाली, तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक आले, विमानांच्या चाकांवर डिस्कची परीक्षा झाली. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क बसवलेली जॅग्वार पहिली आली. १९५५ च्या सित्रोएन डीएसने पुढच्या डिस्क मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या घरगुती गाडीत आणल्या. पुढच्याच, मागे ड्रम राहिले.

मागे का राहिले, हा खरा प्रश्न. कंपन्यांचा कंजूषपणा हे उत्तर अर्धेच खरे आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, हे बसमध्ये उभ्याने प्रवास केलेल्या कुणालाही सांगायला नको. किती झुकतो ते पाहा. विलीजच्या आखूड जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर. माणसांसकट वजन १,५०० किलो धरू, ते उभ्या गाडीत पुढे-मागे सारखे वाटलेले आहे असे मानू, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असे समजू. गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतक्या जोराने ब्रेक लावला, तर ०.६ ला ६५ ने गुणून २०३ ने भागायचे. उत्तर येते ०.१९. म्हणजे जवळजवळ २९० किलो भार मागून पुढे गेला. पुढच्या चाकांवर १,०४० किलो झाले आणि मागच्यांवर ४६० उरले. एकूण भाराचा तिसरा हिस्साही मागे नाही. गाडी जितकी आखूड आणि उंच तितका हा झुकाव जास्त, आणि जीप दोन्ही आहे.

चाकावर जेवढा भार, तेवढीच टायरची जमिनीवर पकड. मागच्या चाकांना थांबवायला फार जोर लागतच नाही. नीट दुरुस्त केलेला जुना ड्रमसुद्धा ती चाके जागच्या जागी थिजवू शकतो. चाक थिजवण्याची ताकद आधीच असेल, तर त्याहून मोठा ब्रेक लावून अंतर कमी होणार नाही. अडचण ब्रेकमध्ये नसून टायर आणि रस्ता यांच्यामध्ये आहे. उलट मागचे चाक पुढच्याच्या आधी थिजले, तर त्याची बाजूची पकडही जाते आणि गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. पुढची चाके थिजली तर गाडी सरळ घसरते. तेही वाईटच, पण समोर काय आहे ते निदान दिसते. उस्तादांचे ‘नाचती’ ते हेच. आजही मागे ड्रम असलेल्या गाड्या कमी नाहीत. २०२० साली नव्याने आलेल्या महिंद्र थारला मागे ड्रम होते, २०२३ साली भारतात आलेल्या पाच दारी जिम्नीलाही. इतकेच काय, फोक्सवागनच्या विजेवर चालणाऱ्या आयडी ३ सारख्या आधुनिक गाडीतही मागे ड्रमच दिले गेले, कारण तिथे बराचसा वेग मोटरच शोषून घेते आणि मागच्या ब्रेकला काम थोडे असते.

हे सगळे ऐकून त्या मुलाचा चेहरा उतरला. ‘म्हणजे करायचेच नाही का?’ त्यावर उस्तादांनी जे सांगितले ते मला फार पटले. करायचे असेल तर चिखलासाठी करा, पाण्यासाठी करा, दोन्ही चाके सारखी धरावीत म्हणून करा; लवकर थांबण्यासाठी करू नका. आणि ज्याच्या पुढच्या चाकांनाही अजून ड्रम आहेत त्याने तर मागच्याचा विचार मनातही आणू नये. आधी पुढचे करावे, नाहीतर बलवान ब्रेक नेमका नको त्या टोकाला येतो. या गाडीचे पुढचे काम झालेले होते, म्हणून बोलणे पुढे गेले.

पुढचा प्रश्न हँडब्रेकचा निघाला. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकची तार मागच्या ड्रममधल्या शूंनाच ओढते. ड्रम काढला की हँडब्रेकही गेला! हौसेने डिस्क बसवून घेतल्यावर घरासमोरच्या उतारावर गाडी उभी करताना ही गोष्ट लक्षात आलेले गृहस्थ आहेत. मोटार वाहन नियमांतही पायाचा ब्रेक आणि उभ्या गाडीचा ब्रेक हे दोन स्वतंत्र आणि कामाचे असावेत अशीच अपेक्षा आहे. मग उपाय दोन. एक, ज्याच्या अंगातच हँडब्रेकचा खटका असतो असा कॅलिपर घ्यायचा. दुसरा, मधल्या टोपीसारख्या भागात छोटा ड्रम असलेली डिस्क वापरायची, जिथे चालत्या गाडीला डिस्क थांबवते आणि उभ्या गाडीला आतला ड्रम धरतो. अमेरिकेत जुन्या चेरोकी जीपचे मालक १९९३ ते १९९८ च्या ग्रँड चेरोकीचे मागचे ब्रेक काढून आपल्या गाडीला बसवतात, ते याच सोयीमुळे. त्यात हा आतला ड्रम तयार मिळतो. ब्रेकच्या तेलाचा दाब नळीत कोंडून ठेवणारी खिटी मिळते, तिला मात्र कुणी हँडब्रेक समजू नये. दाब रात्रीतून उतरतो, आणि गाडी सकाळी जिथे ठेवली तिथे नसते.

विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपला इथे पूर्वजांची पुण्याई उपयोगी पडते. तिचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतोच. ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्ट जिथून निघतो तिथे एक छोटा ड्रम असतो आणि हाताचा दांडा त्याला आवळतो. चाकांचे ड्रम काढले तरी तो जागचा हलत नाही. पण त्याचेही एक मर्म आहे, आणि ते गाडीखाली शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे. हा ब्रेक शाफ्टला धरतो, चाकांना नव्हे. शाफ्ट आणि चाके यांच्यामध्ये डिफरन्शियल आहे. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुटते. हँडब्रेक पक्का ओढलेला असूनही गाडी चालू लागते. म्हणून पुढच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना दगड लावल्याशिवाय उस्ताद जॅकला हात लावू देत नाहीत. याच कारणाने हा हँडब्रेक धावत्या गाडीला थांबवायला वापरू नये. सारा झटका शाफ्टच्या सांध्यांवर येतो.

काम चार रविवार चालले. मी बहुतेक वेळ स्टुलावर बसून होतो, मधूनमधून चहा येत होता. मागच्या एक्सलची रचना जुन्या पद्धतीची: शाफ्टचे टोक निमुळते, त्यावर वेगळा हब, मध्ये पोलादी चावी आणि बाहेरून मोठा नट. वर्षानुवर्षे आवळून बसलेला हब हातोडीने निघत नाही, निघू पाहिला तर बेअरिंगचा जीव जातो. त्यासाठी खास पुलर लावावा लागतो. ड्रम उघडले तेव्हा आतला गाळ अनंतगिरीचा, की मामांच्या शेतातला, याची चर्चा झाली. पोऱ्या हवेचा पाइप घेऊन धूळ उडवायला निघाला, तोच उस्ताद त्याच्यावर ओरडले. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर तिचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो. पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसायचे आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे. किती गॅरेजांत हे पाळले जाते, हे वाचकांनी आपल्या मेस्त्रीकडे एकदा उभे राहून पाहावे.

खरे कसबाचे काम पुढे होते. ड्रमच्या मागे जी पत्र्याची गोल बॅकिंग प्लेट असते, ती नुसती शू धरायला नसते. या एक्सलमध्ये बेअरिंगला जागेवर ठेवण्याचे कामही तीच करते, आणि तिच्या मागे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या घालून शाफ्टची आत-बाहेरची ढील ठरवलेली असते. ढील मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. प्लेट काढून तिच्या जागी कॅलिपर धरणारे जाड ब्रॅकेट बसवले की हा हिशेब बदलतो. ढील कमी झाली तर बेअरिंग तापून जाते. जास्त झाली तर प्रत्येक वळणावर शाफ्ट आत-बाहेर सरकतो, त्याच्याबरोबर चकती सरकते, ती पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी ब्रेकचा पाय पहिल्या दाबात रिकामा जातो. उस्तादांनी दोन्ही बाजूंच्या चकत्या दोन वेगळ्या डब्यांच्या झाकणांत ठेवल्या होत्या, आणि झाकणांवर खडूने ‘सीधा’, ‘उल्टा’ लिहिले होते.

ब्रॅकेट बालानगरला करून घेतले. या भागात हे काम करणारे हात मुबलक आहेत. सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन ही संस्था १९६८ पासून तिथेच आहे. लेथवाल्याने प्लेटचे मध्यभागीचे भोक दोनदा मापले. ब्रॅकेट एक्सलशी काटकोनात नसेल तर एक पॅड तिरपा झिजतो. चकतीला पाच भोके, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, जीपच्या स्टडना जुळणारी. ती हबवर बसवून डायल गेज लावला आणि हाताने फिरवले. काटा जवळजवळ हललाच नाही, तेव्हा उस्तादांनी पहिल्यांदा सिगरेट पेटवली. कॅलिपर निवडताना पुन्हा मतभेद झाला. मुलाच्या मित्रांचे म्हणणे, पुढे आहेत तेच मोठे कॅलिपर मागेही लावा, सुटे भाग एकच राहतील. उस्तादांनी लहान दट्ट्याचे घेतले. दट्टा मोठा म्हणजे पकड मोठी, आणि ती मागे नको आहे. शिवाय त्याला तेलही जास्त लागते, मास्टर सिलिंडर पुरा पडत नाही आणि पाय फळीला टेकतो. मागच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या. तेल नवीन, सीलबंद डब्यातले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पिते. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा प्यायल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. उतारावर तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ पायाचा दाब पुढे पोचवीत नाही.

एक गोष्ट मात्र गंमतीची झाली. उजव्या-डाव्या कॅलिपरांची अदलाबदल करून पोऱ्याने ते बसवले. दिसायला जुळे, पण हवा काढायचे निपल खाली गेले. हवा वर जाते, निपल खाली, मग कितीही वेळ पाय मारा, हवा निघत नाही. उस्तादांनी न बोलता दोन्ही काढून बदलून बसवले.

पहिल्या फेरीला मला मागे बसवले होते. मुसापेटच्या बाजूला जाऊन परत आलो. गाडी छान थांबत होती. पण ब्रेक सोडल्यावरही एक बारीक, अखंड ‘सीऽऽ’ ऐकू येत होते, चाकाबरोबर वरखाली होणारे. मुलगा म्हणाला, नवे पॅड आहेत, बसतील. तंबोऱ्याला जवारी लावताना वडील मला सांगत की तार घोडीला कुठे टेकते आणि कुठे सुटते तेवढेच ऐक, बाकी काही ऐकू नको. दरबारात आयुष्य काढलेला तो माणूस मोटारीत फारसा बसला नाही, पण त्याची ती शिकवण इथे कामाला आली. हा टेकण्याचाच आवाज होता. पॅड सुटत नव्हते. उतरून चकतीजवळ हात नेला तर चटका बसेल इतकी ऊब. उस्तादांनी लगेच ओळखले. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरच्या मागच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. ती पाय सोडल्यावरही नळीत चौरस इंचाला सुमारे १० पौंड दाब राखून ठेवते, म्हणजे व्हील सिलिंडरची रबरे पसरलेली राहतात. ड्रममध्ये शू परत ओढायला दणकट स्प्रिंगा असतात, त्यांना हा दाब काहीच नाही. डिस्कला तसल्या स्प्रिंगा नाहीत; तेवढ्या दाबाने पॅड चकतीला चिकटून राहतात, तापतात आणि झिजतात. झडप काढून टाकली, आवाज गेला. ज्यांच्या जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर अजून पायाच्या फळीखाली, म्हणजे कॅलिपरच्याही खाली आहे, त्यांना मात्र साधारण २ पौंडांची झडप ठेवावी लागते, नाहीतर तेल आपोआप मागे ओघळते. त्यांच्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच नळी असेल, तर डिस्कच्या आधी दोन कप्प्यांचा सिलिंडर घ्यावा. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक एकदम जातात, हे दुखणे डिस्कने बरे होत नाही. डिझेलच्या जीपवाल्यांनी आणखी एक पाहावे: बूस्टरला निर्वात लागतो, पेट्रोल इंजिन तो स्वतः देते, डिझेल देत नाही. त्याला वेगळा पंप असतो. तो थकलेला असेल तर डिस्कचा पाय दगडासारखा लागतो.

मग खरी परीक्षा. आदल्या रात्री पाऊस झालेला, पहाटेची वेळ, मोकळे मैदान, गाडीत एकटा चालक. मी आणि पोऱ्या दोन बाजूंना उभे, कोणते चाक आधी थिजते ते पाहायला. ताशी २० ला काही नाही, ३० ला काही नाही. ४० ला मागची दोन्ही चाके एकदम थांबली आणि जीप डौलाने, जवळजवळ संथपणे, अर्धा फेरा घेऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. तो मुलगा थोडा वेळ उतरलाच नाही. लहान दट्टे लावूनसुद्धा हे झाले. रस्त्यावर झाले असते तर हा लेख मी लिहिला नसता. उस्तादांना आश्चर्य वाटले नाही. त्यांनी पिशवीतून पितळेची एक झडप काढली. मागच्या नळीत ती बसवायची आणि तिच्या डोक्यावरची चकती फिरवून मागे जाणारा दाब कमी-जास्त करायचा. दीड तास ते फिरवणे चालले होते. रिकामी गाडी, मग मागे चार माणसे, मग पुन्हा रिकामी. दर वेळी पुढची चाके जराशी आधी थिजली पाहिजेत, मागची त्यांच्या मागोमाग. साथीदाराने गवयाच्या पुढे जाऊ नये, तसा हा प्रकार. शेवटी जागा सापडली तिथे उस्तादांनी तारेचा वेढा घालून ती बांधून टाकली आणि मुलाला ताकीद दिली की मित्रांपैकी कुणी तिला हात लावता कामा नये.

या सगळ्यात कायद्याचे काय, असे कुणी विचारील. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ स्वरूपात फेरफार करण्यावर बंधन घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना तपासणीही होते. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे, आणि ब्रॅकेटची मापे व भागांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. त्या मुलाने दोन्हीकडे पत्रे दिली. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न ब्रेकचाच विचारतो.

खर्चाबद्दल माझे मत वेगळे आहे, ते लिहितो. जी जीप डांबरी रस्त्यावर भाजी आणायला आणि नातेवाइकांकडे जायला वापरायची आहे, तिचे मागचे ड्रम लेथवर साफ करून घ्यावेत, व्हील सिलिंडरची रबरे बदलावीत, नवे लायनर लावावेत आणि शू नीट जुळवून घ्यावेत. थोडक्यात काम होते आणि समतोल कंपनीने ठरवलेलाच राहतो. पाणी लागलेच तर बाहेर आल्यावर थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवले की शू कोरडे होतात. या शहरात पाणी लागायला डोंगरात जावे लागत नाही. ऑक्टोबर २०२० च्या पावसात हैदराबादच्या किती तरी गल्ल्यांत एक्सल बुडेल इतके पाणी होते. ज्याची गाडी खरोखरच दर आठवड्याला चिखलात जाते, त्यानेच या खटपटीत पडावे.

आणि चिखल डिस्कलाही सोडत नाही, हेही सांगायला हवे. पावसाळा संपल्यावर चाके काढून पाहिली तेव्हा मागचे पॅड अपेक्षेपेक्षा पुष्कळ झिजलेले निघाले. काळ्या मातीतली रेती उघड्या चकतीवर सॅंडपेपरसारखी चालते. डाव्या चकतीवर बोटाला लागेल असा एक गोल ओरखडा होता, पत्र्याच्या संरक्षकात अडकलेल्या खड्याचा. तो पत्रा उस्तादांनी खालून कापून मोकळा केला. पॅडचा नवा जोड बसवायला पाऊण तास लागला. पूर्वी ड्रममधला गाळ काढायला याहून अधिक वेळ जात असे. त्या संध्याकाळी मुलगा शिकवणीला वेळेवर आला, नखांत काळे तेल होते, आणि यमनाचा तीव्र मध्यम नेहमीप्रमाणे खाली लागत होता.